गोष्टीतली माणसं, त्यांचे पूर्वग्रह आणि त्यांचं बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनगटात आम्ही दर महिन्याला एक पुस्तक, नाटक नाहीतर सिनेमा घेऊन बसतो. पंधरा-वीस जण असतात, कॉलेजची पोरं असतात, रिटायर्ड मंडळी असतात, आणि विषय जात, बाई, धर्म यांच्याकडे वळला की तेच तेच प्रश्न फिरून येतात. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून काढलंय. मला जे वाटतं ते लिहिलंय, आणि ते मनापासून वाटतं.

एखादं पात्र पूर्वग्रहाचं प्रतीक आहे म्हणजे नक्की काय?

म्हणजे त्या एका माणसाच्या वागण्यात अख्ख्या समाजाची सवय दिसते. 'कुंकू' घ्या, प्रभातचा, १९३७ सालचा, व्ही. शांताराम यांचा. त्यातले काकासाहेब म्हणजे म्हातारे विधुर वकील, मोठी मुलं असलेले, आणि ते नीरा नावाच्या तरुण मुलीशी लग्न करतात, तिला तिच्याच नातेवाइकांनी फसवून बोहल्यावर उभं केलेलं असतं. आता गंमत बघा, काकासाहेब राक्षस नाहीत, मारझोड करत नाहीत, चारचौघांत मान आहे त्यांना. पण पुरुषाचं वय बघायचं नसतं आणि मुलीला विचारायचं नसतं हे त्यांच्यात इतकं मुरलंय की आपलं काही चुकलंय हे त्यांच्या डोक्यातच येत नाही, कारण आजूबाजूच्या कुणाच्याच डोक्यात येत नाही. पूर्वग्रह असाच असतो ना, ज्याचा असतो त्याला तो रीतभात वाटतो.

आणि शांतारामांनी हे भाषण न करता दाखवलंय. घरात भिंतीवर एक जुनं घड्याळ आहे, ते पुन्हा पुन्हा दिसत राहतं, काकासाहेबांसारखंच जुनं, रडतखडत चालणारं. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही, घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे आहेत, त्यामुळे त्या घरातली शांतता अंगावर येते.

म्हणजे पूर्वग्रह असलेलं पात्र म्हणजे व्हिलनच की?

नाही. व्हिलनला कळत असतं आपण काय करतोय ते. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'मधला कांचनभट पैशांसाठी पोटची पोर म्हाताऱ्याला द्यायला निघतो, तो लोभी आहे आणि लोभ त्याला कळतो. काकासाहेबांचं तसं नाही. मला काकासाहेबांसारखी माणसं जास्त महत्त्वाची वाटतात कारण आपल्या घरात, नात्यात कांचनभट सहसा सापडत नाही पण काकासाहेब सापडतात, प्रत्येक पिढीत एक तरी.

'शारदा कायदा' या नाटकावरूनच आला ना?

नाही, आणि हा प्रश्न दर वर्षी येतो. नाटक १८९९ चं. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ज्यांनी मांडला त्यांचं नाव हरविलास सारडा, म्हणून इंग्रजीत तो सारडा ॲक्ट आणि आपल्याकडे तोंडी शारदा कायदा झाला. नाव जुळलं हा योगायोग, पण मराठी माणसाला तो योगायोग वाटत नाही याचं कारण शारदा आपल्या मनात खोल बसलेली आहे.

काकासाहेब खरंच बदलतात की नीरापुढे फक्त हरतात?

बदलतात, असं माझं ठाम मत आहे, पण एका रात्रीत नाही. नीरा पहिल्यापासून नवरा म्हणून त्यांना मानायला नकार देते, रडून नाही तर ताठ मानेनं. सावत्र मुलगा तिच्याशी लगट करायला येतो तर त्याला छडीनं फोडून काढते (शांता आपटेंनी तो सीन असा केलाय की आजही बघताना मी सावरून बसते). काकासाहेबांची मुलगी घरी येते, समाजकार्य करणारी, ती भूमिका शकुंतला परांजपेंनी केलीय, आणि ती बापाच्या बाजूनं न उभी राहता नीराच्या बाजूनं उभी राहते. म्हणजे त्या माणसाला घरातूनच चहूबाजूंनी आरसा दाखवला जातो. आधी राग, मग हट्ट, मग लाज, मग गप्प होणं. काकासाहेब झालेल्या केशवराव दाते यांचा चेहरा बघत राहा, डायलॉग सोडा, नुसता चेहरा बघा.

आपल्याकडे 'उपरती' म्हणून एक चांगला शब्द आहे. क्लायमॅक्सला डोळ्यांत पाणी येतं, पात्र हात जोडतं, ती उपरती. पण उपरती होऊन माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच वागू शकतो, बदल मी त्याला म्हणते ज्याची किंमत त्या माणसानं स्वतः मोजलेली असते. म्हणून गटात आम्ही प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारतो: किंमत कुणी मोजली?

पण काकासाहेबांना मारायची काय गरज होती? बदलला तर जगू द्यायचं ना!

सगळ्यात जास्त भांडण याच प्रश्नावर होतं. शेवटी काकासाहेब नीराला मोकळं करणारी चिठ्ठी लिहून आत्महत्या करतात, आणि आजच्या मुलांना ते फार भडक वाटतं, काहींना तर त्याचा रागही येतो, की बायकोला सोडायचं तर सोड, जीव कशाला देतोस.

तर त्यासाठी त्या वेळचा कायदा बघायला लागतो. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात नीरासारख्या हिंदू बाईला कोर्टात जाऊन घटस्फोट घेताच येत नव्हता. काही जातींत काडीमोडीची चाल होती पण या घरासारख्या घरांत नाही. मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा १९४७ ला आला, हिंदू विवाह कायदा १९५५ ला. उलट विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ पासून होता! म्हणजे नीराला कायद्यानं मोकळं व्हायला एकच दार होतं, ते म्हणजे विधवा होणं. काकासाहेब वकील आहेत हे लक्षात घ्या, आणि मग तो शेवट पुन्हा बघा, तेव्हा तो रडारडीचा शेवट राहत नाही, त्या माणसाला कळलंय की माझं मन बदललं तरी हिची सुटका होत नाही. एकटा माणूस बदलून पुरत नाही, आजूबाजूची व्यवस्था तशीच असेल तर बदललेल्या माणसालाही वाट सापडत नाही, हे मला त्या शेवटातून समजलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असं आपण म्हणतो, इथे खोड आधीच गेलीय आणि तरी माणसाला मरावं लागतंय.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, तो शेवट त्या काळाच्या कोंडीचा आहे. आज कुणी पश्चात्तापाचा मार्ग म्हणून तो बघू नये, पश्चात्ताप झालेल्या माणसानं जगून चूक निस्तरायची असते.

'श्यामची आई' यात कशी येते? ती तर आदर्श आई.

आदर्श म्हणून बाजूला ठेवली की तिच्यातलं माणूसपण दिसत नाही, म्हणून मी तिला या यादीत घेतेच. पुस्तक साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आठवणींवर उभं आहे, त्यामुळे निव्वळ काल्पनिक म्हणता येणार नाही, पण वाचणाऱ्यासाठी श्याम आणि त्याची आई ही पात्रंच झालीत. त्यात एक प्रसंग आहे, एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी खाली पडलीय, तिला एकटीला ती उचलून डोक्यावर घेता येत नाहीये आणि शिवायचं कुणी म्हणून कुणी पुढे येत नाही. आई श्यामला सांगते, जा, हात लाव. आणि घरी येऊन आंघोळ कर.

ही आंघोळ बरेच जण विसरतात. लहानपणी मीही विसरले होते, मला फक्त 'जा, हात लाव' एवढंच आठवत होतं. मोठेपणी पुन्हा वाचलं तेव्हा थांबले. काही जण म्हणतात मग ही कसली माऊली, शेवटी विटाळ मानलाच की. मला तसं वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी कोकणातल्या ब्राह्मण घरातली एक बाई, जिला दुसरं काही कुणी शिकवलेलंच नाही, ती रीत पूर्ण मोडू शकत नाही पण रीतीच्या आत राहून माणसाला हात द्यायला लावते. एक पाऊल पुढे आहे, एक मागेच आहे. बदल बऱ्याचदा असाच दिसतो, अर्धा. आणि त्या अर्ध्यातून पुढे काय आलं बघा: १९४७ च्या मे महिन्यात तोच मुलगा, म्हणजे साने गुरुजी, पंढरपूरला उपोषणाला बसला, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून, आणि दहा दिवसांत बडव्यांना ऐकावं लागलं. आंघोळ कर सांगणाऱ्या आईचा मुलगा.

हे मी एवढं का लावून धरते ते सांगते. आमच्या घरी मागच्या दारी कोनाड्यात एक कपबशी असायची, कान तुटलेली, निळ्या काठाची. गोठा झाडायला एक मावशी यायच्या, त्यांना चहा त्या कपातून. त्या स्वतः तो खाली घ्यायच्या, चहा वरून ओतला जायचा, पिऊन झालं की स्वतःच धुऊन परत कोनाड्यात. मी हे रोज बघायचे आणि मला त्यात काही वाटायचं नाही, जशी देवाची भांडी वेगळी तशी ती कपबशी वेगळी. मग कधीतरी आजीनं त्यांना घरातल्या स्टीलच्या पेल्यातून चहा द्यायला सुरुवात केली. काही बोलली नाही कुणाशी. पण मावशी गेल्या की पेल्यावर तांब्याभर पाणी ओतायची आणि मगच आत न्यायची. बरीच वर्षं हे चाललं. श्यामची आंघोळ वाचली आणि मला आजीचा तांब्या आठवला.

माणूस उलटा पण बदलू शकतो ना? म्हणजे चांगल्याचा वाईट?

हो, आणि त्यासाठी विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' नाटक वाचा, १९८३ चं. नाथ देवळालीकर हे समाजवादी नेते, आयुष्य जातीअंताच्या चळवळीत गेलेलं, आणि मुलगी ज्योती सांगते की मला अरुण आठवलेशी लग्न करायचंय, अरुण दलित, कवी. नाथना आनंदच होतो, आपलं घर आता खऱ्या अर्थानं एक झालं असं वाटतं. आई सेवा सावध असते, तिला त्या मुलाचं वागणं खटकलेलं असतं. लग्न होतं, अरुण ज्योतीला मारतो, ती गरोदर असतानाही. आणि नाथना त्याच जावयाच्या आत्मचरित्रावर जाहीर सभेत गौरवाचं भाषण करायला लागतं.

नाटकाच्या शेवटाकडे अरुण येऊन गेल्यावर नाथना वाटतं की हे घर बाटलं, आपण आंघोळ करावी. आंघोळ! ज्या माणसानं जन्मभर विटाळाविरुद्ध भाषणं केली त्याच्या तोंडी तोच शब्द. वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ. श्यामच्या आईची आंघोळ ही जाणाऱ्या सवयीची होती आणि नाथांची आंघोळ ही परत आलेल्या सवयीची, खाली कुठेतरी दबून बसलेली होती, दुखावल्याबरोबर वर आली.

आता किंमत कुणी मोजली विचारा. नाथांचा हृदयपरिवर्तनावर विश्वास होता, सगळं माणसाच्या चांगुलपणावर सोडायचं, पण त्या प्रयोगात मार कोण खातंय तर ज्योती. ती बापाला तेच सुनावते, तुम्ही शिकवलंत ते मी खरं मानलं, आता मी ते सोडून परत येऊ शकत नाही. मुलीच्या पाठीवर बापाचा आदर्श.

पण 'कन्यादान' दलितविरोधी आहे असं म्हणतात, ते खरं का?

हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. त्या नाटकात दलित पुरुष एकच आणि तोच बायकोला मारणारा, समोर दुसरं दलित पात्र नाही जे वेगळं वागेल. नाटकाला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला म्हणून हा आक्षेप मिटत नाही. ज्या समाजाबद्दल आधीच पूर्वग्रह आहेत त्याचा एकच माणूस स्टेजवर आणला की प्रेक्षक त्याला एक माणूस म्हणून बघत नाही, अख्खी जात म्हणून बघतो. अरुणच्या हिंसेमागे त्यानं आणि त्याच्या आईबापांनी भोगलेलं आहे, ते नाटकात येतं, पण प्रयोग संपल्यावर किती जणांच्या लक्षात राहतं? मी नाटक आवडूनही हे म्हणते. नाथांचं पात्र फार मोठं आहे, अरुणचं तितकं भरलेलं नाही.

मग पीडित पात्र हे फक्त दुसऱ्याला सुधारायलाच असतं का गोष्टीत?

खूपदा असतं आणि मला याचा खरंच त्रास होतो. एक दुःखी मोलकरीण, एक हुशार पण गरीब मुलगा, एक मुसलमान शेजारी जो शेवटी जीव देऊन मैत्री सिद्ध करतो, आणि त्यांच्यामुळे मुख्य पात्राचे डोळे उघडतात. त्यांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. ते शिडीसारखे वापरले जातात, वर चढणारा दुसराच. गोष्ट तपासायची सोपी पद्धत सांगते: ते पात्र एकटं असताना काय करतं हे आपल्याला दिसतं का? त्याला स्वतःची काही हौस आहे का?

'फँड्री'तल्या जब्याला आहे. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा सिनेमा. जब्या कैकाडी मुलगा, घरचे गावातली डुकरं पकडायचं काम करतात, आणि याला शालू आवडते, काळ्या चिमणीची राख तिच्यावर टाकली की ती आपली होईल म्हणून तो रानोमाळ चिमणी शोधत फिरतो. हे सगळं त्याचं आहे, कुणाला सुधारण्यासाठी नाही.

'फँड्री'मध्ये तर कुणीच बदलत नाही. मग बदलाच्या क्षमतेबद्दल तो काय सांगतो?

गावात कुणी बदलत नाही हे खरंय. डुक्कर पकडतानाचा सगळा तमाशा गाव बघतं, हसतं, शालूही बघतेय. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकराच्या मागे धावणारी माणसं जागच्या जागी ताठ उभी राहतात, डुक्कर निसटायच्या बेतात आणि हे स्तब्ध. नंतर काठीला बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जाताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज यांची चित्रं सरकत जातात. मग जब्या दगड उचलतो, आणि शेवटचा दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो, म्हणजे आपल्यावर, थिएटरमध्ये बसलेल्यांवर.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा अंधारात चक्क मान मागे घेतली होती. इथे किंमत मोजायची जबाबदारी पडद्यावरच्या कुणावर नाहीच, ती आपल्याकडे फेकलीय. म्हणून मला तो निराशेचा सिनेमा वाटत नाही, ज्याच्यात बदल होऊ शकतो असं दिग्दर्शकाला वाटतं त्यालाच तो दगड मारतोय.

पात्राचं मत न बदलता वागणं बदललं तर चालतं का?

चालतं, किंबहुना मला तेच जास्त खरं वाटतं. मार्क ट्वेनचा हक फिन बघा, १८८५ साली अमेरिकेत आलेली कादंबरी, गोष्ट गुलामगिरीच्या काळातली, मिसिसिपी नदीवरची. पळून आलेला गुलाम जिम त्याच्यासोबत तराफ्यावर आहे. हकला शिकवलंय की गुलाम पळवणं म्हणजे चोरी आणि पाप, आणि तो ते खरंच मानतो, म्हणून जिमच्या मालकिणीला चिठ्ठी लिहून टाकतो. मग जिमसोबतचे दिवस आठवतात आणि तो चिठ्ठी फाडतो, नरकात जावं लागलं तरी चालेल म्हणून. आपण बरोबर करतोय असं त्याला क्षणभरही वाटत नाही! डोक्यात जुनंच आहे, हातांनी नवं केलं. माझी आजी या मुलाला ओळखत नव्हती, पण दोघं एकाच जातकुळीतले.

पूर्वग्रही पात्र इतकं गोड असेल की लोकांना तेच आवडायला लागलं तर?

होतं असं. अमेरिकेत १९७१ पासून 'ऑल इन द फॅमिली' नावाची टीव्ही मालिका होती, त्यात आर्ची बंकर नावाचा बाप, काळ्यांबद्दल, परदेशी लोकांबद्दल वाटेल ते बोलणारा. करणाऱ्यांचा हेतू हा की लोक त्याच्या अडाणीपणाला हसतील. १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या संशोधकांनी अमेरिका आणि कॅनडातल्या प्रेक्षकांचा अभ्यास छापला, त्यात दिसलं की ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त होते त्यांना आर्चीच बरोबर वाटायचा. म्हणजे आरसा दाखवला तरी माणूस त्यात स्वतःला हवं ते बघतो. म्हणून घरात सगळे एकत्र बघत असताना एखाद्या जातीवरच्या, सुनेवरच्या पंचलाईनला कोण कशाला हसतंय हे ऐकत जा, विशेषतः मुलं काय उचलतायत.

गोष्टी वाचून खरी माणसं बदलतात का हो? की आपलं उगाच समाधान?

बदलतात, पण नुसतं वाचून सोडून दिलं तर फार नाही. इटलीत प्राथमिक शाळेतल्या मुलांवर एक प्रयोग झाला होता, काही आठवडे त्यांना हॅरी पॉटरमधले पूर्वग्रहाबद्दलचे उतारे वाचायला देऊन त्यावर गप्पा मारल्या, आणि ज्या मुलांना हॅरी आपल्यासारखा वाटत होता त्यांचं बाहेरून आलेल्या स्थलांतरितांबद्दलचं मत सुधारलं. दोन गोष्टी लक्षात घ्या, उताऱ्यांवर बोलणं झालं होतं, आणि पात्र जवळचं वाटत होतं. आमच्या गटाचा अनुभवही हाच, वाचताना माणूस मान डोलावतो, बोलायला लागला की अडखळतो, आणि जिथे अडखळतो तिथेच काहीतरी हलतं. एक काका तीन महिने 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' म्हणत होते आणि चौथ्या महिन्यात गावच्या पाणवठ्याबद्दल स्वतःहून अर्धा तास बोलले. आम्ही कुणी मध्ये बोललो नाही.

असं पात्र लिहायचं असेल तर काय लक्षात ठेवू?

पूर्वग्रह भाषणात ठेवू नका, वस्तूत ठेवा, सवयीत ठेवा. घड्याळ, मोळी, आंघोळ, चिमणी. पात्राला बदलायची घाई करू नका, आधी त्याला खोटी कारणं देऊ द्या, चिडू द्या. एकदम माफी मागणारं पात्र लिहिलंत तर ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं माफ केलंच पाहिजे असं दडपण येतं आणि ते चुकीचं आहे, माफ न करण्याचा हक्क त्याला ठेवा. बाकी भाषेबिषेचं नंतर बघता येतं.

लहान मुलांना यातलं काय दाखवावं?

'श्यामची आई' दहाव्या वर्षापासून, आंघोळीच्या वाक्यासकट. 'फँड्री' सातवी-आठवीत, पण बघून झाल्यावर लगेच टीव्ही बंद करून झोपायला पाठवू नका. 'कुंकू' आणि 'कन्यादान' कॉलेजला.

त्या कपबशीचं पुढे काय झालं?

हे प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच. आजी गेली तेव्हा भांडी आवरताना ती कोनाड्यातच सापडली, धूळ बसलेली. आईनं ती मावशींना विचारली, तुम्हाला हवी का, की टाकून देऊ. त्या बराच वेळ हातात धरून बघत होत्या. मग म्हणाल्या, "ठेव तशीच. पोरींना दाखवायला लागंल." ती आता माझ्याकडे आहे, गटाच्या पहिल्या बैठकीला मी ती टेबलावर ठेवते.